एल्बेपलीकडच्या जहागिरी

बोहेमियाच्या डोंगराळ मुलखात उगम पावून जर्मनीच्या मैदानातून तिरकी वाहत जाणारी आणि हॅम्बुर्ग शहर ओलांडल्यावर उत्तर समुद्राला मिळणारी एल्बे ही नदी युरोपच्या कृषिइतिहासात राज्याच्या सरहद्दीइतकी महत्त्वाची ठरली आहे. नदीच्या पश्चिमेस जमीनदार हा प्रायः खंडाचा धनी होता. धान्याचा ठरलेला हिस्सा, रोकड, कोंबड्या किंवा अंडी अशा रूपाने तो आपला हक्क वसूल करी, आणि शेतकरी आपल्या वाटेची जमीन आपल्या बुद्धीने कसून तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांदे. नदीच्या पूर्वेस मात्र, म्हणजे ब्रांडेनबुर्ग, मेक्लेनबुर्ग, पोमेरानिया आणि प्रशिया या प्रांतांत, सोळाव्या शतकापासून एक निराळीच व्यवस्था मूळ धरून बसली. तेथील जमीनदार स्वतःच मोठा शेतकरी झाला. शेकडो एकरांची खासगत शेती त्याने आपल्या नावे उभी केली, आणि ती शेती त्याच्या अमलाखालील रयतेच्या वेठीवर चालू लागली. जर्मन लोक या जहागिरीला ‘रिटरगुट’ म्हणतात. प्रशियाच्या सैन्याला सेनापती, दरबाराला मंत्री आणि जर्मन साम्राज्याला बिस्मार्कसारखा प्रधानमंत्री पुरविणाऱ्या या संस्थेचा जन्म कसा झाला, ती वाढली कशी आणि लयास कशी गेली, हे पाहणे जमिनीच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्या कोणत्याही समाजाला उद्बोधक ठरेल.

अशी जहागीर डोळ्यांपुढे आणावयाची, तर प्रथम लिंडेनच्या वृक्षांची दुतर्फा रांग असलेला सरळ रस्ता आणावा लागतो. तो रस्ता एका विस्तीर्ण चौकात येऊन थांबतो. चौकाच्या शिरोभागी धन्याचा वाडा. त्याचे तोंड चौकाकडे आणि पाठ उद्यानाकडे. चौकाच्या दोन्ही बाजूंना हिमयुगाने मैदानात विखरून टाकलेल्या गोल दगडांच्या किंवा भाजक्या विटांच्या भिंतींची धान्याची कोठारे, घोड्यांच्या पागा, बैलांचे गोठे, मेंढवाडा आणि लोहारशाळा. अलीकडच्या शतकांत त्यांत बटाट्यापासून मद्य गाळण्याच्या भट्टीची उंच चिमणी मिळाली. जवळच चर्च, आणि त्यात धन्याच्या कुटुंबासाठी राखून ठेवलेले, सामान्य बाकांपासून वेगळे काढलेले आसन. कारण गावाचा धर्मोपदेशक नेमण्याचा हक्कही धन्याचाच असे. या सर्वांच्या पलीकडे, वाड्याच्या खिडकीतून सहज नजरेत राहतील अशा अंतरावर, मजुरांच्या बुटक्या घरांची ओळ, जिच्यातील एकेका छपराखाली पुष्कळदा चार-चार कुटुंबे राहत. सत्ता, उत्पादन, उपासना आणि दारिद्र्य यांची ही मांडणी इतकी रेखीव व स्थिर दिसे की ती अनादिकालापासून तशीच चालत आली असावी, असा पाहणाऱ्याचा ग्रह होई.

जहागिरदारांनीही तो ग्रह मोठ्या अभिमानाने जोपासला. आपल्या पूर्वजांनी तलवारीच्या बळावर हा मुलूख जिंकला, आणि त्या पराक्रमाचे इनाम म्हणून भूमी व रयत दोन्ही आपल्याकडे आली, अशी त्यांची धारणा होती. जुने दस्तऐवज मात्र निराळी हकिकत सांगतात. ज्या शेतकऱ्यांचे वंशज पुढे वेठीला जुंपले गेले, ते शेतकरी या मुलखात आले तेव्हा स्वतंत्र होते, सनदा घेऊन आले होते आणि त्यांना आग्रहाने बोलावून आणले गेले होते. आणि ज्या सरदाराचा वाडा पुढे गावाच्या शिरावर उभा राहिला, तो सरदार आरंभी त्या शेतकऱ्यांचा शेजारी होता. एका शेजाऱ्याचा धनी आणि दुसऱ्याचा दास होण्यास जवळजवळ तीन शतके लागली, आणि या तीन शतकांत निर्णायक ठरली ती राजसत्ता. तिने आपले अधिकार एकामागून एक गहाण टाकले आणि विकले.

बाराव्या शतकाच्या मध्यापर्यंत एल्बेच्या पूर्वेकडील प्रदेशात स्लाव वंशाचे लोक राहत होते. ११४३ च्या सुमारास होल्स्टाइनचा काउंट दुसरा अडोल्फ याने आपल्या ओसाड सरहद्दीवर वसाहत करण्यासाठी फ्लँडर्स, हॉलंड, उट्रेख्ट, वेस्टफालिया आणि फ्रीसलंड येथे दूत पाठविले, आणि ज्यांना जमिनीची चणचण असेल त्यांनी सहकुटुंब यावे असे आवाहन केले, ही हकिकत हेल्मोल्ड या समकालीन धर्मोपदेशकाने आपल्या स्लावांच्या बखरीत नमूद करून ठेवली आहे. ११५७ मध्ये ‘अस्वल’ या बिरुदाने ओळखल्या जाणाऱ्या आल्ब्रेख्टने ब्रांडेनबुर्गचा किल्ला कायमचा हस्तगत केला, आणि त्यानंतर ओडर नदीपर्यंत व तिच्याही पलीकडे वसाहतीचा ओघ सुरू झाला. प्रशियाच्या किनाऱ्यावर ट्यूटॉनिक या लढवय्या धर्मसंघाने तेराव्या शतकात हेच काम हाती घेतले. जिंकलेल्या स्लावांपैकी पुष्कळजण याच गावांत मिसळून गेले आणि कालांतराने भाषेनेही जर्मन झाले. पण जिंकण्यात जे रक्त सांडले आणि जी कुळे देशोधडीला लागली, त्यांचा हिशेब कोणत्याही सनदेत मांडलेला नाही, हेही या जागी नमूद केले पाहिजे.

वसाहतीची रीत मोठी व्यवस्थित होती. राजा, बिशप किंवा सरदार एखाद्या उद्यमी माणसाशी करार करी. ‘लोकाटोर’ म्हणून ओळखला जाणारा हा मक्तेदार स्वखर्चाने लोक जमवून आणी, जंगल तोडून गाव आखी आणि जमिनीची वाटणी करी. प्रत्येक कुटुंबाला एक किंवा दोन ‘हूफे’ मिळत. प्रशियात एक हूफे म्हणजे सुमारे १७ हेक्टर, आपल्या हिशेबाने ४० एकरांहून थोडी अधिक जमीन. आरंभीची काही वर्षे साऱ्याची माफी असे, आणि पुढे ठरीव सारा व धर्मसंस्थेचा दशमांश एवढेच देणे राही. जमीन वंशपरंपरेने चाले आणि सारा चुकता करून शेतकऱ्याला ती विकून अन्यत्र जाताही येई. लोकाटोर स्वतः गावचा शुल्त्स, म्हणजे आपल्या परिभाषेत पाटील होई. त्याला माफीच्या हूफे मिळत, आणि गावच्या न्यायसभेत जमा होणाऱ्या दंडाचा एक तृतीयांश हिस्साही मिळे. मराठेशाहीतील कौल आणि इस्तावा यांच्या कागदांशी परिचय असणाऱ्या वाचकाला या अटी फारशा परक्या वाटणार नाहीत. ओसाड मुलूख वसवावयाचा तर शेतकऱ्याला अभय आणि सवलत द्यावी लागते, हे दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते.

त्या काळी सरदाराची स्थिती काय होती, याची विश्वसनीय साक्ष १३७५ च्या ब्रांडेनबुर्गच्या जमीनदप्तरात सापडते. सम्राट चौथ्या कार्लने ब्रांडेनबुर्ग ताब्यात आल्यावर गावोगावच्या हूफे, त्यांवरील देणी आणि त्या देण्यांचे धनी यांची मोजदाद करविली. या दप्तरात सरदार दिसतो तो गावात थोड्याशा हूफे स्वतः कसणारा, युद्धप्रसंगी घोडा व चिलखत घेऊन हजर राहण्याच्या अटीवर त्या हूफेंवर साऱ्याची माफी उपभोगणारा एक गृहस्थ म्हणून. त्याची शेती गावच्या शेतांच्या पट्ट्यांत मिसळलेली असे, आणि नांगरणीचा, पेरणीचा व गुरे मोकळी सोडण्याचा दिवस गावाबरोबरच त्यालाही पाळावा लागे. मात्र त्याच दप्तरात येऊ घातलेल्या परिवर्तनाची चिन्हेही स्पष्ट आहेत. कारण गावचा सारा, वरिष्ठ न्यायाधिकार आणि गाडी-बैलांच्या सेवेचा हक्क ही मूळची राजाची बाबत अनेक गावी सरदारांच्या किंवा शहरी धनिकांच्या नावे लागलेली आढळते. राजाला पैशाची निकड पडे, तो हक्क गहाण टाकी, आणि गहाण सोडविण्याचे सामर्थ्य त्याच्या वंशजांत क्वचितच उरे.

न्यायाधिकाराचे हे हस्तांतर सर्वांत दूरगामी ठरले. शेतकऱ्याचे धन्याशी भांडण झाले तर तो दाद कोठे मागणार? पूर्वी तो राजाच्या न्यायसभेकडे जाऊ शके. आता न्यायसभाच धन्याच्या वाड्यात भरू लागली, आणि ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्याच्याच नेमणुकीचा माणूस निवाडा सांगू लागला. सारा विकत घेणाऱ्याने फक्त उत्पन्न घेतले होते. न्याय विकत घेणाऱ्याने उद्या त्या उत्पन्नात कितीही भर घालण्याचे साधन हस्तगत केले. शेतकऱ्याची सनद पेटीत सुरक्षित असली, तरी ती दाखविण्याची जागा नाहीशी झाली होती.

यातच चौदाव्या शतकाच्या मध्यात प्लेगच्या महामारीने युरोपची लोकसंख्या खचली, धान्याचे भाव कोसळले आणि एल्बेच्या पूर्वेस गावेच्या गावे ओस पडली. आपल्याकडे जिला गतकुळी जमीन म्हणत, तशी निर्वंश झालेल्या किंवा परागंदा झालेल्या कुळांची जमीन आता सरदारांच्या हाती येऊ लागली. कसणारे हात नसल्यामुळे आरंभी ती जमीन म्हणजे नुसता भार होता. मेंढ्या चरविण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता. परंतु पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून वारे बदलले. पश्चिम युरोपातील शहरे पुन्हा वाढू लागली, धान्य महागले, आणि विस्चुला, ओडर व एल्बे या नद्यांतून राय नावाचे धान्य डान्झिग, स्टेटिन व हॅम्बुर्ग या बंदरांकडे आणि तेथून गलबतांतून नेदरलंडकडे जाऊ लागले. रोकड पगारावरील लढाऊ शिपायांनी घोडेस्वार सरदाराचे युद्धातील महत्त्व याच सुमारास संपविले होते. लढाईचा धंदा बसलेला आणि धान्याचा धंदा तेजीत आलेला, अशा या संधिकाळात सरदाराने तलवार खुंटीला टांगली व तो धान्याचा उत्पादक व्यापारी झाला. धर्मसुधारणेनंतर मठांच्या जमिनी खालसा झाल्या, तेव्हा त्यांतील पुष्कळ भागही विक्रीने किंवा गहाणाने याच वर्गाकडे वळला.

जमीन होती, बाजार होता. उणीव होती ती मजुरांची. मनुष्यबळ विरळ असलेल्या मुलखात खुल्या बाजारात मजुरी चढली असती आणि शेतकरी बलवान झाला असता. तसे झाले नाही, कारण मजुरीचा दर ठरविण्याचा, पळालेल्या कुळाला परत आणण्याचा आणि फिर्यादीचा निवाडा करण्याचा अधिकार मजूर राबविणाऱ्याच्याच हाती होता. वर्षातून काही दिवसांची सेवा होती तिथे आठवड्यातून दोन-तीन दिवसांची वेठ आली, आणि काही प्रांतांत कालांतराने रोजची. ज्याच्याकडे बैल किंवा घोडे असतील त्याने औतासह यावे, ज्याच्याकडे नसतील त्याने हातांनी राबावे. मुलामुलींनी ठराविक वर्षे वाड्यावर चाकरी करावी. धन्याच्या परवानगीशिवाय गाव सोडू नये, विवाह करू नये, दुसरा धंदा शिकू नये. १६१६ मध्ये पोमेरानियाच्या कायद्याने शेतकऱ्यांना सरळ धन्याच्या मालकीची माणसे ठरविले आणि त्यांच्या जमिनीवरचा वारसाहक्क नाकारला. नंतर १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने पोमेरानिया आणि मेक्लेनबुर्ग यांतील निम्म्याहून अधिक लोकसंख्या नष्ट केली. जे थोडे हात उरले, त्यांच्यावरील पकड त्यामुळेच अधिक घट्ट झाली.

या सर्व प्रक्रियेवर राज्याची मुद्रा उठली ती १६५३ मध्ये. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रेडरिक विल्यम याला कायमची फौज उभारावयाची होती, आणि पैसा मंजूर करणे सरदारांच्या सभेच्या हाती होते. सभेने सहा वर्षांत ५,३०,००० थालर देण्याचे मान्य केले. त्याच्या मोबदल्यात इलेक्टरने सरदारांच्या जमिनीविषयीच्या आणि रयतेवरील अधिकारांना लेखी मान्यता दिली. जेथे दास्याची वहिवाट असेल तेथे ती पुढे चालावी, आणि आपण स्वतंत्र आहोत असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याने ते सिद्ध करावे, असा दंडक पडला. ज्याचे दप्तर युद्धात जळाले त्याने पुरावा कोठून आणावा? प्रशियाच्या पुढच्या लष्करी वैभवाचा पाया या सौद्यावर रचला गेला, हे त्या वैभवाची वर्णने वाचताना विसरता कामा नये. १७३३ मध्ये फ्रेडरिक विल्यम पहिला याने भरतीचे प्रांत आखून दिले, आणि अनेक गावी असे दृश्य दिसू लागले की शेतात ज्याच्या हुकमाखाली शेतकऱ्याचा मुलगा राबे, त्याच घराण्यातील अधिकाऱ्याच्या हुकमाखाली तो पलटणीत उभा राही.

अठराव्या शतकातील राजांना या व्यवस्थेतील धोका दिसत नव्हता असे नाही. शेतकऱ्याची जमीन वाड्याच्या शेतीत विलीन झाली की राज्य करदाता आणि सैनिक दोन्ही गमावते, हे ओळखून दुसऱ्या फ्रेडरिकने १७४९ मध्ये शेतकऱ्यांच्या हूफे गिळंकृत करण्यास मनाई केली. १७६३ मध्ये पोमेरानियातील दास्य नष्ट करण्याचा हुकूमही त्याने सोडला, परंतु सरदारांच्या विरोधापुढे तो कागदावरच राहिला. शेजारच्या मेक्लेनबुर्गमध्ये तर राजसत्ता इतकी दुर्बळ होती की १७५५ च्या करारनाम्याने जमीनदारांना शेतकरी हुसकून लावण्याची जवळजवळ मुभाच मिळाली, आणि तेथे स्वतंत्र शेतकऱ्यांची गावे जमीनदारी मुलखातून बहुतांशी पुसली गेली. एकाच प्रकारची माती, एकच भाषा आणि एकच धर्म असलेल्या या दोन शेजारी मुलखांतील फरक राजाने कोणता अधिकार राखला आणि कोणता सोडला, एवढ्यावरच अवलंबून होता.

याच जहागिरींतून काही थोर पुरुष निपजले, ही गोष्टही तितक्याच आदराने सांगावयास हवी. ब्रांडेनबुर्गजवळील रेकान येथे फ्रेडरिक एबरहार्ड फॉन रोखो याने १७७३ मध्ये आपल्या रयतेच्या मुलांसाठी शाळा उघडली, त्यांच्यासाठी वाचनपुस्तक लिहिले, आणि शेतकऱ्याच्या मुलाला समजून वाचता आले पाहिजे हा त्या काळी धाडसी वाटणारा विचार आचरून दाखविला. आल्ब्रेख्ट थेअर हा मूळचा वैद्य. प्रशियाच्या राजाच्या निमंत्रणावरून तो ओडरच्या खोऱ्याजवळील मोग्लिन येथे स्थायिक झाला, १८०६ मध्ये त्याने तेथे शेतकीचे विद्यालय स्थापन केले, आणि तिसरे वर्ष पडीत ठेवण्याची जुनी पद्धत सोडून पिकांची फेरपालट, चाऱ्याची लागवड व चोख हिशेब यांवर आधारलेली शास्त्रीय शेती शिकविली. मेक्लेनबुर्गमधील टेलो ही जहागीर १८१० मध्ये योहान हाइनरिख फॉन ट्यूनेन याने विकत घेतली. तेथील पेरणी, कापणी, खत, गाडीभाडे आणि मजुरी यांच्या वर्षानुवर्षे राखलेल्या हिशेबांतून, बाजारापासूनच्या अंतराप्रमाणे शेतीचे वर्तुळाकार पट्टे कसे बनतात, हा सिद्धान्त त्याने १८२६ च्या आपल्या ग्रंथात मांडला. न्याय्य मजुरी म्हणजे काय, या प्रश्नाने त्याला जन्मभर अस्वस्थ केले. १८४८ मध्ये त्याने टेलोच्या मजुरांना जहागिरीच्या नफ्यात वाटेकरी करून घेतले, आणि मजुरीविषयीचे आपले सूत्र त्याने आपल्या थडग्यावर कोरविले. जहागिरीच्या पोटी जन्मलेले हे ज्ञान पुढे साऱ्या जगाचे झाले.

१८०६ मध्ये येना येथे नेपोलियनने प्रशियाचा दारुण पराभव केला, आणि वेठीवर राबणारी रयत देशासाठी मनापासून लढत नाही हे कटू सत्य राज्यकर्त्यांना उमगले. श्टाइन या मंत्र्याच्या कारकिर्दीत ९ ऑक्टोबर १८०७ रोजी निघालेल्या फर्मानाने १८१० च्या मार्टिनमस सणापासून प्रशियात केवळ स्वतंत्र माणसेच राहतील असे जाहीर केले. त्याबरोबर जमिनीच्या खरेदीविक्रीवरील जातिनिर्बंधही उठविले, त्यामुळे व्यापाऱ्याला जहागीर आणि सरदाराला व्यापार खुला झाला. परंतु शरीर मोकळे झाले तरी जमीन कोणाची, हा प्रश्न उरलाच. प्रधानमंत्री हार्डेनबर्गच्या १८११ च्या कायद्याने त्याचे उत्तर दिले: वंशपरंपरेने कसणाऱ्याने आपल्या जमिनीचा तिसरा हिस्सा आणि तसा हक्क नसलेल्याने निम्मा हिस्सा धन्याला द्यावा, आणि वेठीतून मुक्त होऊन उरलेल्याचे पूर्ण मालक व्हावे. फ्रीडर्सडॉर्फचा जहागिरदार मार्विट्झ याने या धोरणाविरुद्ध इतका कडवा निषेध नोंदविला की त्याला श्पांडाऊच्या किल्ल्यात बंदिवास भोगावा लागला. सरदारांचा दबाव वाढत गेला, आणि १८१६ च्या खुलाशाने सवलतीची कक्षा आवळली: ज्यांच्याकडे औत धरण्यापुरती जमीन व जनावरे आहेत, आणि ज्यांची शेते जुन्या करदप्तरात नोंदलेली आहेत, त्यांनाच हा कायदा लागू राहिला. बैलजोडी नसलेला लहान शेतकरी त्यातून वगळला गेला. १८२१ मध्ये गायरानांच्या वाटणीचा कायदा झाला, तेव्हा ज्याच्या नावे जमीन नव्हती त्याची गाय चरण्याची जागाही गेली.

१८११ चा कायदा आणि १८१६ चा खुलासा या दोन कागदांमधील पाच वर्षांत पूर्व जर्मनीच्या ग्रामीण समाजाचे भवितव्य ठरले. थोड्या मोठ्या शेतकऱ्यांनी हिस्सा देऊन का होईना, मालकी मिळविली; वाड्यांच्या शेतीत शेतकऱ्यांनी सोडलेल्या जमिनीची मोठी भर पडली; आणि खाली भूमिहीन मजुरांचा एक विशाल थर निर्माण झाला. ‘इन्स्टलॉइट’ म्हणून ओळखले जाणारे हे करारबद्ध मजूर वाड्याच्या घरात राहत, मळणीच्या धान्याचा हिस्सा, बटाट्याचा तुकडा, सरपण आणि गाईचा चारा एवढ्यावर राबत, आणि स्वतःबरोबर आणखी एक कामकरी पुरविण्याची अटही त्यांच्यावर असे. वेठ संपली, पण वाडा उरला. न्यायाधिकार १८४८-४९ पर्यंत आणि पोलिसी अधिकार १८७२ पर्यंत धन्याकडेच राहिले. १८५० च्या कायद्याने उरलेली देणी फेडण्यासाठी सरकारी रोख्यांच्या पेढ्या स्थापन झाल्या, जहागिरदाराला रोखे मिळाले आणि शेतकऱ्याने हप्त्यांनी कर्ज चुकवावे अशी सोय झाली.

या सुधारणांकडे महाराष्ट्रातील एका द्रष्ट्या विचारवंताचे लक्ष वेधले गेले होते. बंगालमधील कूळकायद्याचे विधेयक पुढे आले असता, १८८३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात प्रशियाचे जमीनविषयक कायदे आणि बंगालचे विधेयक यांची तुलना करणारा निबंध लिहिला. प्रशियाने मोबदला ठरवून, राज्याची पत पाठीशी उभी करून, एकाच जमिनीवरील धनी व कूळ अशी दुहेरी मालकी संपविली आणि दोघांनाही आपापल्या वाट्याचे निर्वेध स्वामी केले, ही गोष्ट रानड्यांना अनुकरणीय वाटली. इंग्लंडच्या पलीकडे न पाहणाऱ्या त्या काळात दख्खनच्या शेतकऱ्याचे दैन्य पाहिलेला एक मराठी न्यायाधीश पोमेरानिया आणि ब्रांडेनबुर्गच्या शेतीचा इतका बारकाईने अभ्यास करतो, ही आपल्या वैचारिक इतिहासातील अभिमानाची बाब आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जहागिरींना जगाच्या बाजाराने घेरले. पश्चिमेकडे धान्य विकून ज्या श्रीमंत झाल्या, त्याच जहागिरींना अमेरिकेच्या प्रेअरीतील आणि रशियाच्या मैदानातील स्वस्त धान्याने १८७० नंतर संकटात टाकले. १८७९ मध्ये बिस्मार्कने आयात धान्यावर जकात बसविली. १८९३ मध्ये जमीनदारांनी आपला बलाढ्य संघ स्थापन केला. मजूर बर्लिनकडे, ऱ्हूरच्या खाणींकडे आणि अमेरिकेकडे निघून जात होते, आणि त्यांच्या जागी हंगामापुरते पोलिश मजूर आणले जात, ज्यांना हिवाळ्यात परत पाठविले जाई. तरुण माक्स वेबरने १८९२ मध्ये या प्रदेशातील मजुरांच्या स्थितीचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि मजूर केवळ अधिक मजुरीसाठी जात नसून वाड्याच्या सावलीतून सुटण्यासाठी जात आहेत, असे निरीक्षण मांडले. आर्थिक दृष्ट्या खिळखिळा झालेला हा वर्ग राजकारणात मात्र बलवान राहिला, कारण प्रशियाच्या विधिमंडळातील प्रतिनिधित्व १९१८ पर्यंत मतदाराच्या करभरणीवर मोजले जात होते. पुढे प्रजासत्ताकाच्या काळात कर्जबाजारी जहागिरी सरकारी मदतीवर तगून राहिल्या, आणि १९३२ मध्ये त्यांतील काही विकत घेऊन तेथे शेतकरी वसविण्याची योजना प्रधानमंत्री ब्र्यूनिंगच्या मंत्रिमंडळाने आखली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या भोवतालच्या जमीनदारांनी तिला कडाडून विरोध केला. ब्र्यूनिंगच्या पदच्युतीच्या कारणांत त्या विरोधाचाही वाटा होता. आणि त्यानंतर आठ महिन्यांतच हिटलर सत्तेवर आला. याच वर्गातील हेल्मुट जेम्स फॉन मोल्ट्के याने सायलेशियातील आपल्या क्रायसाऊच्या जहागिरीत हिटलरोत्तर जर्मनीचा विचार करणारे मंडळ जमविले आणि जानेवारी १९४५ मध्ये त्यासाठी मृत्युदंड पत्करला, हेही त्याच इतिहासाचे एक उज्ज्वल पान आहे.

शेवट १९४५ मध्ये आला, आणि तो एकाएकी आला. ओडरच्या पूर्वेकडील मुलूख पोलंड व सोव्हिएत रशियाकडे गेला आणि तेथील धनी व मजूर दोघेही निर्वासित झाले. ओडरच्या पश्चिमेस, सोव्हिएत अमलाखालील भागात, १०० हेक्टरांवरील सर्व जहागिरी मोबदल्याशिवाय जप्त झाल्या. सुमारे ३३ लाख हेक्टर जमीन खालसा होऊन तिचा मोठा भाग भूमिहीनांत व निर्वासितांत वाटला गेला. परंतु ज्यांना ती मिळाली त्यांच्याकडे ती फार काळ राहिली नाही. १९५२ पासून सहकारी म्हणविणाऱ्या सामुदायिक शेतांत त्यांना सामील करण्याची मोहीम सुरू झाली, आणि १९६० पर्यंत जवळजवळ सर्व शेतकरी तिच्यात ओढले गेले. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या तेव्हा १९४५ ते १९४९ मधील जप्ती फिरवावयाची नाही असे ठरले, आणि १९९१ मध्ये घटना-न्यायालयाने तो निर्णय वैध ठरविला. आज रेकान आणि टेलो येथे संग्रहालये आहेत. पोलंडमधील क्रायसाऊ येथे निरनिराळ्या राष्ट्रांतील तरुणांचे मीलनकेंद्र चालते. अनेक वाडे दुरुस्त होऊन पाहुण्यांसाठी खुले झाले, आणि अनेक पडून गेले.

आठ शतकांच्या या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. एल्बेपलीकडच्या जहागिरी उभ्या राहिल्या त्या राजाने न्याय, सारा आणि अभय ही आपली मूळ कर्तव्ये खाजगी हातांत सोपविल्यामुळे. त्यांची रयत मुक्त झाली तेव्हाही ज्याच्याकडे औत नव्हते त्याला कायद्याने वाऱ्यावर सोडले. आणि ज्या दिवशी त्याला जमीन मिळाली, त्यानंतर पंधरा वर्षांत दुसऱ्या एका सत्तेने ती काढून घेतली. नांगरणाऱ्याला निर्वेध मालकी, आणि ती राखण्यासाठी धन्यापासून व सरकारपासून स्वतंत्र असलेले न्यायासन, या दोन गोष्टी एकत्र मिळाल्याखेरीज कोणतीही जमीनसुधारणा सफल होत नाही. रानड्यांचा तो निबंध आपल्या अभ्यासकांनी पुन्हा वाचावा, आणि वाचताना त्याच्याजवळ १८१६ चा तो खुलासाही ठेवावा. कारण जमिनीच्या प्रत्येक कायद्याची परीक्षा त्यात कोणाचे नाव आले यावरून जितकी होते, तितकीच त्यातून कोणाचे नाव गळले यावरूनही व्हावयास हवी.